डिस्ट्रो आवडला नाही, की डेस्कटॉप?

"उबुंटू टाकून बघितलं, पण त्याचा टास्कबार डावीकडे असतो, म्हणून काढून टाकलं." उबुंटू ही विंडोजच्या जागी टाकता येणारी एक लिनक्स सिस्टिम, आणि तिच्याबद्दलचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली समोरच्याने "उबुंटू टाकून" म्हटलं की उरलेलं वाक्य मीच पुरं करतो. टास्कबारच्या जागेपायी अख्खी सिस्टिम पुसायची, दुसरीची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, डाउनलोड करायची, पेन ड्राइव्ह पुन्हा बनवायचा आणि डिस्कला फॉरमॅट मारायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर तो टास्कबार, म्हणजे तिथल्या भाषेत डॉक, सेटिंग्जमध्ये जाऊन दोन टिचक्यांत खाली आणता येतो.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि तेव्हापासून माझ्याकडे "कुठला लिनक्स टाकू?" असं विचारणारे वाढलेत. गोंधळ त्यांचा एकट्याचा नाही. विंडोजमध्ये स्टार्ट मेनू, ड्रायव्हर, अपडेट सगळं एकाच कंपनीच्या एकाच गाठोड्यात येतं. जे दिसतं आणि जे चालतं ते दोन वेगळ्या मंडळींचं असू शकतं, ही कल्पनाच करायची वेळ कधी आलेली नसते. लिनक्समध्ये मात्र ते वेगळंच असतं. एकाला म्हणायचं डेस्कटॉप, दुसऱ्याला डिस्ट्रो.

डेस्कटॉपवर फार बोलत नाही, कारण तो तुम्हाला डोळ्यांनी माहीत आहे. मेनू, पॅनल, खिडक्यांच्या कडा, फाइल मॅनेजर, सेटिंग्जचं ॲप, हे सगळं मिळून डेस्कटॉप. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई ही त्यांची नावं. त्या सगळ्यांच्या तळाशी कर्नल आहे, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला. खरं तर 'लिनक्स' हे नाव फक्त त्याचंच. तो सगळ्यांकडे तोच, आवृत्ती काय ती पुढेमागे.

पाय घसरतो तो डिस्ट्रोवर. "डिस्ट्रो म्हणजे गाडीचं इंजिन आणि डेस्कटॉप म्हणजे बॉडी" ही उपमा जो तो देतो आणि ती मला अजिबात पटत नाही. इंजिनच म्हणायचं तर ते कर्नलला म्हणा. डिस्ट्रो ही वस्तू कमी आणि माणसांनी अंगावर घेतलेलं काम जास्त. जगभर सुटी पडलेली हजारो सॉफ्टवेअर गोळा करायची, कुठल्याची कुठली आवृत्ती द्यायची ते ठरवायचं, ती एकमेकांशी भांडत नाहीत ना ते तपासायचं, आपल्या भांडारात ठेवायची आणि पुढे काही वर्षं त्यांतली सुरक्षेची भोकं बुजवत राहायचं. तुम्ही उबुंटू निवडता तेव्हा हे काम कोण, कशा पद्धतीने आणि किती काळ करणार, ते निवडता.

म्हणून डिस्ट्रोंमधला खरा फरक स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, कॅलेंडरमध्ये दिसतो. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवीन येते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळते. आर्चला आवृत्तीच नाही, नवं येईल तसं ते वाहत राहतं. डेबियन साधारण दोन वर्षांतून एकदा कूस बदलतं आणि मधल्या काळात मोठं काही हलू देत नाही. तुमच्याकडचं लिब्रेऑफिस मित्राच्या लिब्रेऑफिसपेक्षा जुनं का, याचं उत्तर इथे सापडतं, मेनूच्या रंगात नाही.

उबुंटूचाच इतिहास बघा. २००४ मध्ये ते ग्नोम घेऊन आलं. २०११ मध्ये युनिटी नावाचा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला. २०१७ च्या ऑक्टोबरात पुन्हा ग्नोमकडे वळलं, तोवर ग्नोमही पार बदललं होतं. तेरा वर्षांत तीन चेहरे! पण सॉफ्टवेअर टाकणारी एपीटी ही कमांड तीच, डेब हा पॅकेजचा प्रकार तोच, भांडारं सांभाळणारी मंडळी तीच. उलटंही खरं. उबुंटू आणि कुबुंटू शेजारी ठेवले तर नवख्याला दोन वेगळ्या दुनिया वाटतात, कारण एकावर ग्नोम आहे आणि दुसऱ्यावर प्लाझ्मा. आतलं भांडार मात्र एकच. आणि उबुंटू व फेडोरा दोन्ही ग्नोमच दाखवतात, तरी आतून दोन वेगळी घराणी.

माझ्या एका मित्राने एका आठवड्यात उबुंटू, फेडोरा आणि डेबियन असे तीन डिस्ट्रो टाकले. तिन्ही ठिकाणी विंडोजची की दाबली की सगळ्या खिडक्या आक्रसून समोर मांडल्या जायच्या, आणि याला हवा होता खालच्या कोपऱ्यातला साधा मेनू. फेडोरात तर मिनिमाइझचं बटणही गायब. ते ग्नोमचं मूळ रूप. उबुंटू ते बटण आपणहून घालून देतं. "तिन्ही सारखेच भिकार," असा निकाल देऊन तो चौथ्याची आयएसओ उतरवत बसला होता. तिन्ही सारखेच होते, कारण त्याने तीन वेळा ग्नोमच टाकलं होतं.

मी त्याच्या डेबियनवर एपीटीने सिनॅमन टाकलं आणि लॉग आउट केलं. लॉगिनच्या पडद्यावर आपल्या नावावर टिचकी मारली की मगच खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक उगवतं. आधी ते नसतंच, त्यामुळे बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. त्यातून सिनॅमन निवडून पासवर्ड टाकला. कोपऱ्यात मेनू, खाली पॅनल, फाइली जागच्या जागी, ब्राउझरचे बुकमार्कही तेच. फॉरमॅट नाही की काही नाही. तो आधी खूश झाला, मग आठवडा फुकट गेल्याबद्दल माझ्यावरच चिडला.

याचा अर्थ एकावर एक डेस्कटॉप चढवत सुटा असा नाही. दोन डेस्कटॉप नांदवले की मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन सेटिंग्ज दिसायला लागतात आणि एक काढला तरी त्याचं खरकटं मागे राहतं. नवख्याने आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून डेस्कटॉप पारखावा. डिस्कला हात न लावता सगळं दिसतं.

अडलं की शोधायचं कसं, तेही या फरकावर ठरतं. टचपॅडचे हावभाव, वॉलपेपर, ऑल्ट-टॅब, पॅनलची जाडी, हे डेस्कटॉपचे प्रश्न. शोधताना सिनॅमन किंवा प्लाझ्मा हे नाव टाका, डिस्ट्रोचं नाही. सॉफ्टवेअर कसं टाकायचं, अपडेट का अडकलं, वायफायचं फर्मवेअर कुठून आणायचं, हे डिस्ट्रोचे; तिथे मिंट किंवा फेडोरा म्हणा. नुसतं 'लिनक्समध्ये' असं शोधाल तर फेडोराच्या माणसाची डीएनएफची (तिकडची सॉफ्टवेअर टाकायची कमांड) ओळ मिंटच्या टर्मिनलमध्ये चिकटवाल, आणि टर्मिनल कोरडेपणाने कळवेल की अशी कमांड सापडली नाही. वायफाय चालत नाही म्हणून डेस्कटॉप बदलणारेही मी पाहिलेत. त्याने काहीही होत नाही.

"हलका डिस्ट्रो सांगा" हाही असाच प्रश्न. हलकेपणा बराचसा डेस्कटॉपचा असतो. लुबुंटू उबुंटूपेक्षा हलकं वाटतं ते एलएक्सक्यूटी या डेस्कटॉपमुळे. भांडार त्याचंही उबुंटूचंच. आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून बसलात तर कुठल्याच डेस्कटॉपचा इलाज चालत नाही.

डेब की आरपीएम, वेलँड की एक्स इलेव्हन, हे वाद पहिल्या दिवशी खुशाल सोडून द्या. विंडोजवरून येणाऱ्याला मी डोळे झाकून लिनक्स मिंट सांगतो, सिनॅमन आवृत्ती. पाया उबुंटू एलटीएसचा, त्यामुळे अपडेटची वर्षानुवर्षं काळजी नाही, आणि मेनू जिथे हात जातो तिथेच. मशीन जुनं असेल, रॅम चार जीबीच असेल, तर त्याच मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. आणि तो काळा पडदा आणि ड्रॅगन बघून पहिलाच डिस्ट्रो म्हणून काली टाकू नका. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, आणि लिनक्स नवीन असेल तर हे घेऊ नका, असं कालीवालेच लिहून ठेवतात. काळा वॉलपेपर मिंटवरही लागतो.