स्प्रिंग सुटायच्या आधीच लॉक करायची

आरएसव्ही नावाचा व्हायरस तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसात शिरतो आणि त्यांना धाप लागते. त्याच्यावर 1966 च्या सुमारास अमेरिकेत एक लस बाळांना देऊन पाहिली, फॉर्मालिनने मारलेला व्हायरस टोचायचा एवढंच, पोलिओत हीच पद्धत चालली होती. पण लस घेतलेल्या बाळांना नंतर खरा आरएसव्ही झाला तेव्हा त्यातल्या जवळपास 80 टक्के बाळांना अ‍ॅडमिट करावं लागलं, आणि दोन बाळं दगावली. हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

चुकलं कुठे? कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे आकार. व्हायरसच्या अंगावर एफ नावाचं प्रोटीन असतं, ते दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं. पेशीला चिकटलं की स्प्रिंग सुटते, प्रोटीन लांबलचक होतं आणि व्हायरस आत घुसतो. गंमत अशी की ही स्प्रिंग पेशी नसतानाही आपोआप सुटते, त्यामुळे त्या लसीत बहुतेक सुटलेलाच आकार होता, शरीराने अँटीबॉडी बनवल्या खऱ्या पण त्या व्हायरसला अडवू शकल्या नाहीत.

2013 मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग या शास्त्रज्ञांच्या टीमने डी25 या अँटीबॉडीने एफला न सुटलेल्या अवस्थेत पकडून ठेवलं, त्याचा क्रिस्टल केला आणि एक्स-रेने अणू न अणू कुठे बसलाय ते पाहिलं. सगळ्यात जबरदस्त अँटीबॉडी जिथे चिकटतात ती जागा प्रोटीनच्या अगदी शेंड्यावर निघाली, आणि स्प्रिंग सुटली की तीच जागा नाहीशी होते! मग त्यांनी प्रोटीनमध्येच बदल केले, दोन ठिकाणं गंधकाच्या बंधाने बांधून टाकली, आतल्या पोकळ्या भरल्या, झालं लॉक. याच कल्पनेवरच्या लसींना 2023 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

कोरोनाच्या अंगावरच्या स्पाइक प्रोटीनचंही असंच आहे. तिथे मर्स या कोरोनाच्याच कुळातल्या व्हायरसवर काम करताना 2017 मध्येच युक्ती सापडली होती, वळणाच्या जागी प्रोलीन नावाची दोन ताठ अमिनो आम्लं बसवायची म्हणजे ते वळण सरळ होतच नाही. म्हणून जानेवारी 2020 मध्ये नव्या व्हायरसचा जीनोम आला तेव्हा डिझाइन तयारच होतं, मॉडर्ना आणि फायझरच्या लसींत तेच दोन प्रोलीन आहेत.

एचआयव्ही मात्र अजून दाद देत नाही, त्याचं प्रोटीन साखरेच्या रेणूंच्या दाट आवरणाखाली लपलेलं असतं आणि सतत बदलतंही. आकार लॉक करता आलाय, पण तेवढ्याने भागत नाही.