डीएनएची घडी प्रोटीनला कळते तरी कशी?

टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी... आपल्या क्रोमोसोमच्या टोकांना ही सहा अक्षरं शेकडो वेळा, कधी कधी हजाराच्याही वर, लागोपाठ येतात आणि अगदी शेवटचा तुकडा तर एकेरीच असतो, समोर जोडीची पट्टीच नाही. मग तिथले चार जी, म्हणजे ग्वानिन, हायड्रोजन बाँडने आपापसातच जुळतात आणि एक सपाट चौकोन तयार होतो, असे दोन-तीन चौकोन एकावर एक बसतात, त्यांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन अडकतात आणि घडी पक्की. हाच जी-क्वाड्रुप्लेक्स. जी चे असे चौकोन बनतात हे १९६२ पासून माहीत आहे, आणि २०१३ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी खास अँटीबॉडी लावून माणसाच्या पेशीत अशा घड्या दाखवल्या.

आता डीएनएची कॉपी करायची तर घडी उघडायलाच हवी, नाहीतर काम तिथेच अडतं. सी. एलिगन्स या छोट्या कृमीत अशा घड्या उघडणाऱ्या प्रोटीनचा, डॉग-१ नावाचा जीन बिघडला की नेमके जी च्या रांगा असलेले तुकडेच डीएनएमधून गायब होतात, इतकं हे गंभीर आहे.

पण उघडणाऱ्याने आधी ओळखायचं कसं? अशा घड्या उघडणारं डीएचएक्स३६ हे प्रोटीन बघा. त्याचा एक छोटासा हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा वळलेला भाग, सगळ्यात वरच्या चौकोनावर आडवा टेकतो, टेबलावर तळहात ठेवावा तसा. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की तो अक्षरं वाचत बसत नाही, सपाट मोकळी जागा मिळाली की झालं! पॅरलल प्रकारच्या, म्हणजे जी च्या सगळ्या रांगा एकाच दिशेने जाणाऱ्या घडीत या रांगांना जोडणारे लूप बाजूने जातात, वरचा चौकोन उघडा राहतो, म्हणून तीच घडी त्याला जास्त आवडते, लूप वरून गेला असेल तर टेकायला जागाच उरत नाही.

२०१८ मध्ये गाईच्या डीएचएक्स३६ चा क्रिस्टल मिळाला, म्हणजे त्याचा नेमका आकार बघता आला, मिक या कॅन्सरशी जोडलेल्या जीनच्या घडीला पकडलेला. त्यात दिसलं की हेलिक्स वर टेकलेला असताना प्रोटीनने खालची एकेरी शेपटी धरून एक अक्षर खेचलंय, अख्खी घडी त्यामुळे एका घराने सरकलीय, आणि तेही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, न वापरता, नुसतं पकडल्यानेच.