ठिपका कडेवरून पडेपर्यंत: लेथवरची पोकळ भांडी आणि लेझरची पार्श्वभूमी

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, एक गोलमटोल भांडं फिरतंय. तोंड जेमतेम अंगठा जाईल एवढं. आत पोलादी बार गेलेला आहे, त्याच्या टोकाचं पातं पोटाची भिंत खरवडतंय, आणि ते पातं कुणालाच दिसत नाही. दिसतो तो बारलाच वर जोडलेल्या लेझरचा, भांड्याच्या पाठीवर पडलेला लाल ठिपका. पातं भिंतीकडे सरकेल तसा ठिपका उतारावरून कडेकडे घसरतो, कडेजवळ आला की लांबट होतो आणि मग एकदम खाली लेथच्या बेडवर, म्हणजे यंत्राच्या लोखंडी पाटावर, पडतो. त्या क्षणी हात थांबवायचा. भिंत ठरवलेल्या जाडीला आली.

हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला सगळी करामत लेझरची वाटते. माझं मत वेगळं आहे. लेझर या गोष्टीत बराच उशिरा आला, आणि त्याच्या आधी बारचं पिळणं कुणीतरी थांबवलं नसतं तर तो ठिपका निरुपयोगीच ठरला असता. म्हणून ही गोष्ट उजेडापासून सांगण्यात अर्थ नाही, ती पोलादापासून सांगायला हवी.

लेथ फार जुना. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवीसनपूर्व 300 च्या सुमारास कोरलेल्या एका चित्रात दोन माणसं कातकाम करताना दिसतात: एकजण पट्टा ओढून लाकूड फिरवतो, दुसरा हत्यार धरतो. पुढे युरोपात लवचीक दांड्याला दोरी बांधून पायाने चालवायचे लेथ आले. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्लिश जहाजातून अशाच कातीव थाळ्या आणि वाडगे बाहेर निघाले. पण वाडगा उघडा असतो. आत नजर पोहोचते, बोटं पोहोचतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यात भिंत धरली की जाडी कळते. तोंड लहान आणि पोट मोठं असलं की या दोन्ही वाटा बंद होतात. त्यामुळे लाकडाचा एकसंध ठोकळा लहानशा तोंडातून कोरून पोकळ करण्याचा नाद कातकामाच्या इतिहासात बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागला.

अमेरिकेत जेम्स प्रेस्टिनी यांनी 1930 नंतरच्या दशकांत पातळ भिंतींचे वाडगे कातून दाखवले आणि लाकूड किती पातळ होऊ शकतं याची कल्पनाच बदलली. ते वाडगे मात्र उघडेच होते. बंद पोटात शिरण्याची खटपट ज्यांनी मनावर घेतली त्यांत मेल्विन लिंडक्विस्ट यांचं नाव आधी घ्यावं लागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते टरेट लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मोठ्या यंत्रावर, काम केलेले माणूस. धातूकामात भोकाच्या आत बोअरिंग बार घालून, समोर काय चाललंय ते न दिसता कापणं हे रोजचंच. तीच सवय त्यांनी लाकडावर आणली आणि तिला ‘ब्लाइंड बोअरिंग’ म्हणजे आंधळं कोरणं असं नाव पडलं. लाकडाची पोकळ भांडी धातूच्या कारखान्याचं इतकं देणं लागतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे बार बंदिस्त करण्याची कल्पनाही त्याच वळणाची आहे.

डेव्हिड एल्सवर्थ यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यात वाकवलेली हत्यारं बनवली आणि अगदी लहान तोंडातून भांड्याच्या खांद्याखालपर्यंत पोहोचून पातळ भिंती सोडल्या. 1986 मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. त्यांच्यामुळे पोकळ भांडं हा स्वतंत्र प्रकार म्हणून रुजला, आणि त्याबरोबर एक प्रश्नही हजारो कारागिरांच्या गळ्यात पडला: आत न दिसणारं पातं भिंतीपासून किती लांब आहे, हे ओळखायचं कसं?

उत्तरं होती, पण सगळी लेथ थांबवून मिळणारी. वाकवलेली तार तोंडातून आत घालायची आणि बाहेर उरलेल्या टोकाची भिंतीपासूनची फट पाहायची. जाडी मोजायचा, दोन्हीकडे जबडे असलेला कॅलिपर लावायचा. ओलं आणि फिकट लाकूड असेल तर उजेड भिंतीतून पाझरतो, त्याचा रंग पाहायचा. जाड भिंत काळी, पातळ होत जाईल तशी तांबूस, मग नारिंगी. आणि कान. पातं जाड भिंतीवर चालतं तेव्हा आवाज घोगरा असतो, भिंत उतरत जाईल तसा तो चढत जातो. आवाजाची ही ओळख खरी आहे, मी ती वर्षानुवर्षं वापरली आहे. पण ती एकेका लाकडापुरती असते. ओल्या मेपलवर तयार झालेला कान सुक्या अक्रोडापुढे परत अडाणी होतो. शिवाय दर काही मिनिटांनी लेथ बंद करा, आतला भुसा झटका, कॅलिपर लावा, पुन्हा सुरू करा, असं करत एका भांड्याला दिवस जायचा.

मोजण्याच्या अडचणीपेक्षा मोठी अडचण जोराची होती. हत्यार टेकवायच्या टूल रेस्टपुढे बार जितका जास्त बाहेर, तितकं त्याचं वाकणं वाढतं, आणि ते सरळ प्रमाणात वाढत नाही. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोराखाली वाकणं आठपट होतं. व्यास दुप्पट केला तर ते सोळा पटींनी कमी होतं, पण जाड बार लहान तोंडातून शिरत नाही. त्यात आडवं पातं. पात्याचं टोक बारच्या मध्यरेषेपासून बाजूला असेल तर खाली येणारं लाकूड ते टोक दाबतं आणि अख्खा बार पिळू पाहतो. बदकाच्या मानेसारखे वाकडे बार याचसाठी निघाले. मान बाहेर वळते आणि टोक परत मध्यरेषेवर येतं, म्हणजे पीळ कमी बसतो. तरीही हातात धरलेल्या बारचा पीळ शेवटी मनगटालाच सोसावा लागायचा. पातं भांड्याच्या केंद्ररेषेच्या खाली दबलं की आतल्या वळणामुळे ते लाकडात आणखी घुसतं, आणि झटका बसतो. खोल भांड्यात असा एक झटका भांडं फोडायला पुरतो.

यावर पहिला उपाय हँडलच्या मागच्या बाजूने आला. ओरेगनच्या डेनिस स्ट्यूअर्ट यांनी कोपरापर्यंतच्या हाताला आधार देणारं हँडल केलं, त्यामुळे जोर मनगटाऐवजी अख्ख्या हातावर जाऊ लागला. त्यापुढची पायरी म्हणजे बारची शेपूटच पकडून ठेवणं. बारच्या मागच्या टोकाला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा रुंद दांडा, आणि तो लेथच्या बेडवर बसवलेल्या दोन आडव्या सळयांच्या मधल्या फटीत अडकवलेला. बार पुढे-मागे सरकतो, डावी-उजवीकडे वळतो, पण वर उचलत नाही आणि पिळत नाही. दुसऱ्या प्रकारात खांदा-कोपर-मनगटासारखे सांधे असलेला लोखंडी हात असतो. हालचाल सगळी आडव्या पातळीत, पीळ शून्य. दोन्हींचा परिणाम सारखा. झटक्याचा जोर कातणाऱ्याच्या अंगावर येण्याऐवजी लेथच्या बेडमध्ये जिरतो, आणि दोन बोटांनी बार ढकलत खोल पोट कोरता येतं.

इथे लेझरला जागा झाली. हिशोब करून पाहा. लेझर पात्याच्या वर साधारण 30 सेंटीमीटरवर, बारवरच बसवलेल्या कमानीला टांगलेला असतो. बार फक्त 1 अंश पिळला तर खाली ठिपका 5 मिलिमीटरहून जास्त सरकतो. भिंत ठेवायची आहे 6 मिलिमीटरची आणि ठिपकाच 5 मिलिमीटर खोटं बोलतोय, तर त्याच्यावर विसंबायचं कसं? मी स्वतः एकदा हातात धरायच्या बारवर लेझर बांधून काम केलं आहे. ठिपका छान कडेच्या आत दिसत होता, मी निर्धास्त होतो, आणि भांड्याच्या पोटाला बाहेरून गोल चीर पडली. मनगट किंचित वळलं होतं, एवढंच. बारची शेपूट बंदिस्त केल्यावर तोच लेझर खरं सांगू लागला.

उजेडाची बाजूही याच काळात तयार होत होती. थिओडोर मेमन यांनी 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. त्याच वर्षअखेरीस आलेल्या हेलियम-निऑन लेझरला काचेची नळी आणि उच्च दाबाची वीज लागायची. तो बारवर टांगण्याजोगा नव्हता. 1962 मध्ये रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहकापासून लेझर डायोड, म्हणजे विजेवर लेझर देणारा चिमुकला भाग, बनवला, तोही स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमध्येच, म्हणजे लिंडक्विस्ट यांच्याच कंपनीत आणि त्याच गावात. पण त्याला द्रव नायट्रोजनइतकी थंडी लागायची, आणि प्रकाश डोळ्यांना न दिसणारा. साध्या खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा डायोड 1970 मध्ये साधला. 1982 मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले आणि लेझर डायोड घाऊक प्रमाणात बनू लागले. लाल दिसणारे डायोड त्यानंतर आले, आणि 1990 नंतरच्या दशकात ते पॉइंटरच्या रूपाने खिशात मावू लागले. बंदिस्त बार आणि खिशातला लेझर असे दोन्ही कातारीच्या हाती आल्यावर त्यांची गाठ पडायला वेळ लागला नाही. मिशिगनच्या लाइल जेमिसन यांची डी आकाराच्या शेपटीची आणि लेझरची रचना यातली फार ओळखीची झाली.

रचना कशी लावतात ते जरा जवळून सांगतो, कारण चूक इथेच होते. बार भांड्याबाहेर असताना पात्याच्या उंचीवर एक पांढरा कागद धरायचा आणि लेझर असा हलवायचा की ठिपका पात्याच्या टोकापासून, भिंतीच्या दिशेने, हव्या त्या जाडीइतका बाहेर पडेल. कागद पात्याच्याच उंचीवर हवा. वरून पाहिलं तर भांड्याची कड त्याच्या केंद्ररेषेच्या उंचीवर असते आणि पातंही जवळपास तिथेच कापतं. त्यामुळे लेझर थोडा तिरका असला तरी ठिपका कडेवरून पडतो त्या क्षणी माप बरोबर येतं. कागद खाली बेडवर ठेवून माप घेतलं तर तिरकसपणाची सगळी चूक मापात उतरते.

दुसरी गोष्ट दिशेची. जाडी म्हणजे भिंतीला काटकोनात मोजलेलं अंतर. भांड्याच्या पोटाशी भिंत सरळ असते, तिथे ठिपका बारच्या बाजूला हवा. बुडाकडे वळण सुरू झालं की भिंत तिरकी होत जाते, आणि ठिपका तसाच बाजूला राहिला तर तो जाडी फसवी दाखवतो. भिंत 45 अंशांत असेल तर 6 मिलिमीटर लावलेल्या ठिपक्याला प्रत्यक्षात उरते 4 मिलिमीटरच्या जेमतेम वर. म्हणून खांदा, पोट, बूड अशा तीन-चार टप्प्यांवर थांबून ठिपका वळवून घ्यायचा. ज्यांचं भांडं शेवटच्या वळणावर फुटतं, त्यांनी बहुधा पोटाशी लावलेला ठिपका बुडापर्यंत तसाच नेलेला असतो. अगदी बुडाला तर वेगळीच सोय करावी लागते: आधी मधोमध खोलीचं भोक पाडून ठेवायचं आणि कोरत त्याच्या तळापर्यंत यायचं.

काही लाकडं ठिपक्याला दाद देत नाहीत. साल राखलेल्या कडेवर तो तुटत-तुटत दिसतो. ओलं लाकूड कोरता-कोरताच सुकून लंबगोल होऊ लागतं. मग एका फेऱ्यात ठिपका दोनदा कडेवरून पडतो, दोनदा परत चढतो, आणि नुसता लुकलुकताना दिसतो. ते लुकलुकणं दिसलं की भांडं हलायला लागलंय हे समजावं आणि तो भाग लवकर उरकावा, कारण तिथे परत येऊन भिंत सारखी करता येणार नाही. आत साचलेल्या भुशाबद्दल लेझर काहीच सांगत नाही. हवा मारून तो काढत राहावं लागतं, नाहीतर भुसा पात्याभोवती दाटतो आणि ठिपका व्यवस्थित असतानाच झटका बसतो. बेड घासून चकचकीत झालेला असेल तर पडलेला ठिपका डोळ्यांकडे उसळू शकतो, म्हणून खाली एखादा काळा कागद टाकलेला बरा.

अलीकडे कमानीवर लेझरऐवजी कॅमेरा लावायची रीत वाढली आहे. कोलोरॅडोचे ट्रेंट बॉश यांच्यासारख्या कारागिरांनी ती लोकांपर्यंत नेली. बार बाहेर असताना स्क्रीनवर पात्याभोवती मार्करने जाडीइतकी रेघ काढायची; बार आत गेला की पातं दिसत नाही, पण रेघ आणि भांड्याची कड दोन्ही दिसतात, आणि रेघ कडेला टेकली की थांबायचं. रेघ पात्याच्या सगळ्या बाजूंनी असल्यामुळे खांद्यावर आणि बुडाशी दिशा बदलत बसावं लागत नाही. कॅमेरा बारबरोबर फिरतो आणि लेथच्या मागच्या टोकाशी बंदिस्त बार तोच, डी शेपटीचा किंवा सांध्यांचा. तो पिळू दिला, तर मार्करची रेघही ठिपक्यासारखीच चुकते.