बोअरमधला काळा दगड आणि मालदीवची पांढरी कंकणं

सोलापूरकडे कुणाच्या रानात बोअरची गाडी आली की चार माणसं भोवती जमतातच. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाणी लागेपर्यंत सगळ्यांचे डोळे उडणाऱ्या भुकटीच्या रंगावर खिळलेले असतात.

असंच एक खोल बोअर १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या प्रवाळबेटावर मारलं गेलं. तिथे वरपासून पांढरा चुनखडक लागत गेला. हजार फूट पांढरा, तीन हजार फूट पांढराच. चार हजार फूट ओलांडल्यावर मात्र काळा दगड लागला. तो बेसॉल्ट होता, म्हणजे ज्वालामुखीचा दगड. आपल्या विहिरीत लागतो त्याच कुळातला.

एनिवेटॉक हे ‘अ‍ॅटॉल’ आहे. भर समुद्रात प्रवाळांची एक कडी, त्या कडीवर वाळूची सखल बेटं आणि आत उथळ, शांत पाण्याचं लगून. हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेला. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर याच भाषेचं एक रूप बोलतात. मराठीत आपण अशा बेटाला कंकणद्वीप म्हणतो, आणि मला ते नाव अ‍ॅटॉलपेक्षा नेमकं वाटतं.

प्रवाळ हा इवलासा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसतात. त्यामुळे भिंत बांधणारा प्रवाळ उजेड पोचेल तेवढ्याच उथळ पाण्यात वाढतो. मग चार हजार फूट जाडीचा थर आला कुठून? त्याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ सालच्या पुस्तकात देऊन ठेवलं होतं. मूळ कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुचली, तेव्हा त्याने खरं प्रवाळबेट पाहिलेलंही नव्हतं. तिथे जमीन वर उचलली जाते, तर समुद्रात कुठेतरी ती खचतही असणार, असा त्याचा तर्क. १८३६ च्या एप्रिलमध्ये हिंद महासागरातल्या कीलिंग या प्रवाळबेटांवर त्याला तो पडताळून पाहता आला.

डार्विन सांगतो तो क्रम असा. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो आणि त्याच्या किनाऱ्याला चिकटून प्रवाळ वाढतात. मग सागरतळ डोंगरासकट खचत जातो. (जुना झालेला सागरतळ थंड आणि जड होतो म्हणून खचतो, हे कारण डार्विननंतर कळलं.) प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतात. मग डोंगर आणि भिंत यांच्यात पाणी शिरतं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभं राहिलं की ही मधली अवस्था डोळ्यांपुढे येते: मध्ये देऊळ, भोवती पाणी, पाण्याभोवती काठ. पुढे लाखो वर्षांनी डोंगर पाण्याखाली जातो आणि उरते ती फक्त कडी. डार्विनचं हे म्हणणं तपासायला प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी या प्रवाळबेटावर १८९६ ते १८९८ या काळात हजार फुटांहून खोल छिद्र पाडलं, तरी पांढरा दगड संपला नाही आणि तो बरोबर की चूक हा वादही मिटला नाही. एनिवेटॉकच्या काळ्या दगडाने डोंगर खचल्याची साक्ष दिली.

पण खचण्याने थराची जाडी कळते. कडीच्या मधला खळगा तेवढ्याने पुरता उलगडत नाही. २०२१ साली आंद्रे ड्रॉक्सलर आणि स्तेफान जोरी या भूशास्त्रज्ञांनी हिमयुगांवर बोट ठेवलं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. तेव्हा हे चुनखडकाचे सपाट माथे उघडे पडले आणि त्यांच्यावर पाऊस पडत राहिला. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. आपल्या शेतातल्या चुनखडीच्या खड्यावर आम्ल टाकलं की तो फसफसून विरतो. तेच इथे फार सावकाश घडलं. धाब्याच्या घरावर पाणी मध्येच साचतं आणि तिथलीच माती आधी खचते. तसा या माथ्यांचा मधला भाग जास्त विरघळला आणि कडा उंच राहिल्या. हिमयुगांमागून हिमयुगं असं होत गेलं. समुद्र परत चढला तेव्हा प्रवाळांनी त्या उंच कडा धरल्या. मला ही मांडणी पटते. डार्विनने पाया सांगितला, नक्षी पावसाची आहे.

आता आकार. सगळी कंकणं काही गोल नसतात. मुळातल्या ज्वालामुखीला फाटे असले, त्याची एखादी बाजू ढासळून समुद्रात गेली असली, तर कडीलाही कोपरे आणि बाक येतात. प्रशांत महासागरातलं क्वाजालीन हे अ‍ॅटॉल लांबट आणि वाकडं आहे. मालदीवमध्ये तर मोठी कडीच छोट्या छोट्या कड्यांची बनलेली दिसते. वारा आणि लाटाही हात फिरवतात. लक्षद्वीपमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा पश्चिमेकडून आदळतात, मोडलेले प्रवाळ आणि वाळू पलीकडे ढकलतात. म्हणून बहुतेक बेटं कडीच्या पूर्वेला आणि लगून पश्चिमेला. आंद्रोत बेट वेगळं, पूर्व-पश्चिम पसरलेलं.

मालदीवच्या कड्या ज्या काळ्या दगडावर उभ्या आहेत त्याचं आणि सोलापूरच्या पाषाणाचं नातं सख्खं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तेव्हा खालचा तप्त स्रोत आपल्या भूमीखाली होता. भारत उत्तरेकडे सरकत गेला, स्रोत मागेच राहिला आणि सागरतळावर ज्वालामुखींची माळ उठवत गेला. १९८७ साली त्या माळेवर छिद्रं पाडली, तेव्हा मालदीवखालचा बेसॉल्ट सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला आणि त्याच्या दक्षिणेकडच्या चागोस बेटांखालचा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांचा. त्या मानाने कितीतरी तरुण असलेल्या मॉरिशसचे डोंगर अजून ताठ उभे आहेत आणि प्रवाळाच्या भिंतीने बेटाला जवळजवळ वेढलं आहे. तोच स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओततो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे प्रवाळ डोंगराला चिकटून आहेत, डार्विनने सांगितलेल्या पहिल्या पायरीवर.