सीपीके उतरलं म्हणजे पोरगं सुधारलं का?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजवत नेणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलाच्या फायलीत दोन आकडे वर्षानुवर्षं सोबत असतात: सीपीके (क्रिएटिन फॉस्फोकायनेज, स्नायूंतलं एक विकर) आणि क्रिएटिनिन. दोन्ही रक्तातले, दोन्ही स्नायूंशी जोडलेले, नावंही जवळची. म्हणून गल्लत होते. सीपीके सांगतं, स्नायूची मोडतोड किती चाललीय. क्रिएटिनिनवरून अंदाज येतो, स्नायू उरलाय किती.

"पंधरा हजारावरनं चार हजारावर आलंय, उतरतंय की!" असं म्हणत अंबाबाईची ओटी भरून आलेली आई मला माहीत आहे. तिच्या आशेत काही चूक नव्हती. आशा ठेवायला तो आकडा चुकीचा होता, आणि हे तिला आधीच कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं.

हा फरक समजून घ्यायला कोल्हापुरात तालीम जवळच आहे. गंगावेश तालमीतल्या एखाद्या पैलवानानं बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर जोर-बैठका अंगावर घेतल्या, की त्याचंही सीपीके हजारांत जाऊ शकतं. दमलेल्या स्नायूंतून ते रक्तात उतरतं आणि विश्रांतीनंतर काही दिवसांत खाली येतं. त्याचं क्रिएटिनिन मात्र छापील मर्यादेच्या वरच्या टोकाला, कधी थोडं पलीकडेही असतं. मूत्रपिंड ठणठणीत असतं, अंगात स्नायूच भरपूर असतो.

ड्युशेनच्या मुलात डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ नसतंच. ते नसलं की स्नायूपेशीचं आवरण रोजच्या चालण्या-उठण्यानंही फाटतं आणि आतलं सीपीके बाहेर पडतं. साधारण मर्यादा दोनशे युनिट प्रति लिटरच्या आसपास असते, तिथं लहान वयात दहा-वीस हजार किंवा त्याहूनही वरचे आकडे येतात. मग मूल मोठं होतं आणि आकडा उतरू लागतो. कारण गळायला स्नायूच कमी उरलेला असतो. पोरगं कमी चालायला लागलं तरी उतरतो. तेच मूल आदल्या दिवशी जास्त खेळलं असेल, तर वर जातो. निदानाकडे बोट दाखवायला सीपीकेइतकी सोपी तपासणी नाही, पण नंतरची वाटचाल मोजायला तो भरवशाचा नाही.

क्रिएटिनिन येतं क्रिएटिनपासून, म्हणजे स्नायूंना ऊर्जेसाठी लागणाऱ्या एका पदार्थापासून. शरीरातलं सुमारे 95 टक्के क्रिएटिन स्नायूंत असतं आणि त्यातला दोनेक टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे जातो. स्नायू जास्त तर क्रिएटिनिन जास्त. निरोगी मुलात ते वयाबरोबर वाढत जातं. ड्युशेनच्या मुलात ते वाढत नाही, पुढे घटतं, 0.2-0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे आकडे नेहमी दिसतात.

इथं दुसरा, अधिक धोक्याचा गैरसमज होतो. "क्रिएटिनिन कमी आहे, किडनी एकदम चांगली." या मुलांत असं म्हणता येत नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी स्नायू कमी असल्यानं आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. हृदयासाठी जी औषधं पुढे सुरू होतात, त्यांच्यासाठी मूत्रपिंडाची खरी स्थिती कळणं गरजेचं असतं. म्हणून सिस्टॅटिन सी ही तपासणी करावी, ती स्नायूंच्या प्रमाणावर फारशी अवलंबून नसते. (एसजीओटी-एसजीपीटी या यकृताच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तपासण्यांचंही तसंच: ते स्नायूतूनही येतात, म्हणून ते वाढलेले दिसले की लगेच यकृताच्या मागे लागू नये.)

मग स्नायू नेमका किती कमी झाला, हे कसं कळायचं? वजनकाट्यावर नाही, या आजारात देतात त्या स्टेरॉइडनं वजन वाढतं. टेपनंही नाही. पोटऱ्या भरलेल्या दिसल्या की आपल्याकडे कौतुकानं म्हणतात, पैलवान होणार! पण या आजारात पोटरी चरबी आणि तंतुमय ऊतीनंही फुगते. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी 1868 मध्येच ही खोटी पुष्टी नोंदवली होती. डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांची एक तपासणी) चरबी वेगळी मोजतो, पण उरलेल्यात पाणी, तंतू, अवयव सगळं 'लीन मास' म्हणून मोजतो. एमआरआय स्नायूच्या आत शिरलेली चरबी दाखवतो, म्हणून तो अधिक बोलका.

संशोधनात आणखी एक पद्धत वापरतात. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावून ओळखता येण्याजोगं केलेलं, किरणोत्सर्गी नसलेलं क्रिएटिन तोंडानं देतात. ते स्नायूंतल्या क्रिएटिनमध्ये मिसळतं. काही दिवसांनी लघवीतल्या क्रिएटिनिनमध्ये ते किती पातळ झालंय ते पाहून अंगातला एकूण स्नायू काढतात. सुई नाही, मशीनमध्ये निश्चल पडून राहणं नाही. लहान पोरांसाठी हे फार मोलाचं. अडचण एवढीच की आजारी स्नायू दिलेलं सगळं क्रिएटिन घेत नाही, काही तसंच लघवीत जातं. तेवढं हिशेबातून वजा करावं लागतं. आणि वाढीच्या वयात एकूण स्नायू किलोंत थोडा वाढलेलाही दिसू शकतो, म्हणून वजनाच्या मानानं तो किती, हे पाहायचं.

आपल्या हातात आहे ते असं. दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा. आदल्या रात्री मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा टाळा. शिजलेल्या मांसानं क्रिएटिनिन काही तास वर जातं. दोन्ही आकडे तारखेसह एकाच कागदावर लिहा आणि त्यांच्याच शेजारी पोरगं जमिनीवरून उठायला किती सेकंद घेतं, तेही लिहा. डॉक्टरांपुढे तो कागद ठेवा, आणि सिस्टॅटिन सी कधी करायची ते त्यांना विचारा.