३१ मॅच विरुद्ध २४५ मॅच, आणि चेक मात्र सारखाच

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या दोन तरुण प्लेयर्सनी एकाच आठवड्यात पाच-पाच वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सह्या केल्या. दोघांची रक्कम सारखीच, साधारण १४८ मिलियन डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने साडेनऊशे कोटी रुपयांच्या घरात. दोघंही एकाच वर्षी कॅन्सस युनिव्हर्सिटीकडून खेळलेले, दोघंही २०१४ च्या ड्राफ्टमधले (ज्यात टीम पाळीपाळीने नवीन प्लेयर्स निवडतात), एक पहिल्या नंबरवर गेला आणि दुसरा तिसऱ्या. पहिला मिनेसोटाचा अँड्र्यू विगिन्स, तीन सीझनमध्ये २४५ मॅच खेळला होता, म्हणजे तीन वर्षांत फक्त एक मॅच चुकली. दुसरा फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड, तीन सीझनमध्ये त्याच्या मॅच किती? ३१. पहिले दोन सीझन पायाच्या ऑपरेशनमध्ये गेले आणि तिसऱ्यात जरा रंग चढतोय तोवर गुडघा गेला.

आता कोणालाही विचारा, यातला कुठला कॉन्ट्रॅक्ट मूर्खपणाचा होता? दहापैकी नऊ जण म्हणतील एम्बीडचा. तेव्हा बऱ्याच लोकांनी तसं म्हटलंच होतं. माझं मत नेमकं उलटं आहे आणि ते पुढे काय घडलं हे बघून बनवलेलं नाही, त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावरच गणित मांडलं तरी उत्तर तेच येतं.

दोघांची रक्कम सारखी, कारण दोघांनाही मॅक्स मिळाला, म्हणजे नियमाने देता येईल तेवढी कमाल रक्कम. आधी हा मॅक्स काय प्रकार आहे ते बघू. एनबीएमध्ये दरवर्षी एक सॅलरी कॅप ठरते, म्हणजे टीमने पगारावर किती खर्च करायचा याची रेषा (ती ओलांडायच्या पळवाटाही भरपूर आहेत, त्यात आत्ता नको शिरायला). ज्याला लीगमध्ये सहा वर्षं किंवा त्याहून कमी झालीत अशा प्लेयरला पहिल्या वर्षी साधारणपणे कॅपच्या २५ टक्क्यांवर देता येत नाही, आणि पुढे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के एवढीच वाढ. २०१८-१९ ची कॅप होती १०१.८७ मिलियन, तिचे २५ टक्के म्हणजे २५.४७, आणि पाच वर्षांच्या वाढी धरून पहिल्या पगाराच्या ५.८ पट, झाले १४७.७. आपल्याकडे २०२५ च्या आयपीएलला ऋषभ पंत २७ कोटींना गेला तेव्हा टीमची पर्स १२० कोटी होती, म्हणजे त्याने एकट्याने साडेबावीस टक्के खाल्ले, साधारण त्याच मापाची गोष्ट आहे, फक्त आयपीएलच्या लिलावात बोली अजून वर जाऊ शकली असती आणि इथे ती जाऊच शकत नाही.

आणि सगळी गंमत तिथेच आहे. ही मर्यादा आधीपासून नव्हती. १९९७ मध्ये मिनेसोटाने केविन गार्नेटला, वय वर्षं २१, सहा वर्षांसाठी १२६ मिलियन दिले आणि मालक लोकांची झोप उडाली. त्याच सीझनला मायकल जॉर्डन एकटा ३३ मिलियन घेत होता आणि कॅप होती २६.९, म्हणजे एका माणसाचा पगार अख्ख्या टीमच्या रेषेपेक्षा जास्त! मग १९९८-९९ मध्ये मालकांनी टाळं लावलं, ८२ पैकी ३२ मॅच पाण्यात गेल्या, आणि जो नवीन करार झाला त्यात एकेका प्लेयरच्या पगारावर कमाल मर्यादा आली. मर्यादा आली की काय होतं हे इकॉनॉमिक्सच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल, जो खरंच त्या किमतीच्या वरचा आहे तो स्वस्तात मिळतो. बास्केटबॉलमध्ये तर हे फारच टोकाला जातं कारण कोर्टवर एका वेळी पाचच जण असतात, एकच माणूस ४८ पैकी ३६ मिनिटं खेळतो आणि बॉल सारखा त्याच्याच हातात, त्यामुळे एक अफाट प्लेयर जेवढा फरक पाडतो तेवढा फुटबॉलमध्ये किंवा क्रिकेटमध्ये क्वचितच पडतो.

थोडं हिशोबात सांगतो, आकडे सोयीसाठी मीच धरलेत. समजा तब्येत ठीक असलेला सुपरस्टार टीमला वर्षाला ६० मिलियनचा फायदा देतो (जॉर्डनचा पगार कॅपच्या सव्वा पट होता हे आठवा, त्या मानाने ६० काहीच नाही), चांगला पण साधा प्लेयर २० मिलियनचा, आणि जायबंदी होऊन बसलेला शून्याचा. मॅक्सची सरासरी किंमत वर्षाला साडेएकोणतीस. आता एक प्लेयर असा की ४० टक्के शक्यता सुपरस्टार, ३० टक्के साधा चांगला, ३० टक्के पूर्ण बाद. ४० टक्के गुणिले ६० म्हणजे २४, ३० टक्के गुणिले २० म्हणजे ६, एकूण ३०. सुटला! दहात तीनदा सगळे पैसे बुडणार हे माहीत असूनही सौदा बरोबरीत सुटतो. दुसरा प्लेयर असा की १०० टक्के खात्रीने दरवर्षी २० देणार, कधी आजारी नाही, कधी दांडी नाही. तो दरवर्षी साडेनऊ मिलियनचा खड्डा, आणि तोही गॅरंटीने. म्हणजे मॅक्स देताना सरासरी कामगिरी किती हे बघून भागत नाही, वरचं टोक कुठपर्यंत जातंय हे बघावं लागतं.

मग खरा प्रश्न उरतो तो हा की ३१ मॅचवरून वरच्या टोकाबद्दल काही कळतं का. इथे आकडेशास्त्र कामाला येतं, पण सगळे आकडे सारखे नसतात. एम्बीडने त्या ३१ मॅचमध्ये ९८ थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे, तीन पॉइंटचे शॉट) मारले आणि ३६ आत गेले, ३६.७ टक्के. सात फुटी सेंटरसाठी, म्हणजे एरवी बास्केटजवळ खेळणाऱ्या माणसासाठी, हे जबरदस्तच, लोक वेडे झाले. पण ९८ हा आकडा किती लहान आहे बघा, अशा नमुन्यात नुसत्या नशिबाने साधारण दहा टक्के इकडे किंवा दहा टक्के तिकडे होऊ शकतं, म्हणजे त्याची खरी कुवत २७ टक्केही असू शकते आणि ४६ सुद्धा, ३६ शॉट्स आत गेले एवढ्यावरून दोन्हीत फरक करता येत नाही. पुढच्या सीझनला तो ३०.८ वर आला आणि त्याच्या पुढच्याला बरोबर ३० वर.

फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईबापांची आणि मुलांची उंची मोजून हेच दाखवलं होतं, फार उंच आईबापांची मुलं उंच असतात पण सरासरीकडे थोडी सरकतात. पुढे १९७० च्या दशकात ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या आकडेशास्त्रज्ञांनी बेसबॉलच्या १८ बॅटर्सच्या सीझनमधल्या पहिल्या ४५ प्रयत्नांवरून उरलेल्या सीझनचा अंदाज काढायचा खेळ केला. प्रत्येकाचा आकडा जसाच्या तसा घेण्यापेक्षा सगळ्यांचे आकडे सरासरीकडे खेचले तर एकूण चूक साडेतीन पट कमी झाली. एखाद्याच्या बाबतीत ही युक्ती फसतेच, रॉबर्टो क्लेमेंटे त्यांच्या यादीत होता आणि तो खरोखरच सरासरीपेक्षा बराच भारी निघाला, पण अठरा जणांचा हिशोब एकत्र केला की खेचणाराच जिंकतो.

मग एम्बीडचं सगळंच खेचून सरासरीवर आणायचं का? नाही. किती खेचायचं हे त्या आकड्यात नशिबाचा भाग किती यावर असतं. लांबचा शॉट आत जाणं न जाणं यात नशीब फार. पण फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) मिळवणं बघा, म्हणजे समोरच्याला फाऊल करायला भाग पाडणं. एम्बीड मॅचला जेमतेम २५ मिनिटं खेळायचा (डॉक्टरांनी मिनिटं बांधून दिली होती) आणि तेवढ्यात जवळपास ८ फ्री थ्रो घ्यायचा. ही गोष्ट प्लेयरच्या अंगात असते, ताकद, पायांची चलाखी, बॉल हातात घेऊन गर्दीत घुसायची सवय, त्यामुळे ती थोड्या मॅचमध्येच दिसून येते आणि सहसा टिकते. रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं) आणि ब्लॉकचंही (समोरच्याचा शॉट अडवणं) तसंच, शेवटी उंची काय पुढच्या सीझनला कमी होत नाही. २५ मिनिटांत २० पॉइंट, जवळपास ८ रिबाउंड, अडीच ब्लॉक. थ्री-पॉइंटचा भाग पूर्ण काढून टाकला तरी हे पोरगं वरच्या टोकाचं आहे हे ७८६ मिनिटांत दिसत होतं.

भीती पायाची होती, आणि ती खरीच होती. एम्बीडचं जे हाड मोडलं होतं ते नॅव्हिक्युलर, पायाच्या कमानीच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, छोट्या होडीच्या आकाराचं. धावताना उडी मारताना कमानीचा दाब बरोब्बर त्याच्यावर येतो आणि त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तडा गेला की भरून यायला फार वेळ लागतो आणि कधीकधी भरतच नाही. एम्बीडचं एक ऑपरेशन २०१४ ला झालं, नीट जुळलं नाही म्हणून २०१५ ला परत. उंच माणसांना हा त्रास जास्त का याचं मूळ गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. शरीर सगळ्या बाजूंनी वाढलं तर वजन उंचीच्या घनाने वाढतं आणि हाडाची जाडी, म्हणजे कापलं तर दिसणारं क्षेत्रफळ, वर्गानेच. पावणेसहा फुटी माणूस आणि त्याच बांध्याचा सात फुटी माणूस घ्या, वजन १.८ पट होईल पण हाडाचं क्षेत्रफळ दीडच पट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस-बावीस टक्के जास्त ताण, नुसतं उभं राहिलं तरी. वरून उडी मारून खाली आल्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का, आणि सीझनला ८२ मॅच. चीनचा उंचच उंच सेंटर याओ मिंग, त्याचं करियर पायाच्या अशाच दुखापतींनी संपवलं. पण झिड्रुनास इल्गाउस्कस या दुसऱ्या उंच सेंटरलाही हेच दुखणं होतं, त्याने पाय नव्याने बांधून घेतला आणि नंतर बरीच वर्षं खेळला. एवढ्या मोजक्या माणसांवरून टक्केवारी काढायला कोणी धजू नये, फक्त एवढं की आधी झालेली दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सगळ्यात भरवशाचा इशारा असतो हे स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय.

फिलाडेल्फियाने हे कॉन्ट्रॅक्टमध्येच घातलं. त्यावेळच्या बातम्यांनुसार ठरलेल्या जुन्या दुखापतींमुळे, म्हणजे मुख्यतः पाय आणि पाठ, तो फार मॅच चुकला आणि सीझनला १,६५० मिनिटांपेक्षा कमी खेळला तर टीमला पैसे वाचवून बाहेर पडायची सोय होती. वरच्या हिशोबात बघा, ३० टक्के पूर्ण बाद हा जो भाग आहे त्याचं नुकसान त्यांनी कमी करून ठेवलं आणि वरचं टोक मात्र सगळं स्वतःकडे ठेवलं. मला विचाराल तर त्या वर्षीचं सगळ्यात हुशारीचं कलम हेच होतं, पण बातम्यांमध्ये रक्कमच गाजली.

आता विगिन्स. २०१६-१७ ला मॅचला २३.६ पॉइंट, वय २२, एकदम तगडा, कधी दुखापत नाही. पण त्याच्या शॉट्सचा हिशोब लावला की प्रत्येक प्रयत्नामागे मिळणारे पॉइंट लीगच्या सरासरीपेक्षा थोडे कमीच होते, आणि मॅचला ३७ मिनिटं खेळून रिबाउंड ४, असिस्ट (ज्यावर लगेच पॉइंट होतात असे पास) सव्वादोन. २४५ मॅच म्हणजे नमुना मोठा, नशिबाचा भाग कमी, खेचायला फारसं काही उरलेलंच नाही. जास्त माहिती असल्याचा हा तोटा! एम्बीडबद्दल शंका होती म्हणून वरचं टोक उघडं होतं, विगिन्सबद्दल तीन वर्षं बघून झालं होतं आणि जे दिसत होतं ते म्हणजे चांगला प्लेयर, वर्षाला वीसवाला.

मग मिनेसोटाने पैसे का दिले? वयाच्या आलेखावर. एनबीएमधला सरासरी प्लेयर विशीत सुधारत जातो आणि साधारण पंचवीस ते अठ्ठावीसमध्ये कुठेतरी शिखरावर पोचतो, म्हणून २२ व्या वर्षी एवढं तर २६ व्या वर्षी केवढं असा हिशोब. मालक ग्लेन टेलर यांना तर सही करण्याआधी पोराशी समोरासमोर बसून तू सुधारणार ना हे ऐकायचं होतं. पण तो आलेख हजारो प्लेयर्सची सरासरी आहे आणि त्यात अजून एक गोम आहे, जे सुधारत नाहीत ते लीगमधून बाहेर पडतात, मग पुढच्या वयाचे आकडे उरलेल्यांचेच असतात आणि आलेख आहे त्यापेक्षा छान दिसतो. विगिन्सचे पॉइंट पुढच्याच सीझनला १७.७ वर आले. २०२० च्या फेब्रुवारीत मिनेसोटाने त्याला गोल्डन स्टेटला दिलं आणि वर पहिल्या राउंडचा एक ड्राफ्ट पिकही (नवीन प्लेयर निवडायची पाळी) दिला. गंमत म्हणजे तिथे त्याच्यावर टीम ओढायची जबाबदारी नव्हती, तो डिफेन्स खेळला, २०२२ च्या फायनलच्या पाचव्या मॅचला २६ पॉइंट आणि १३ रिबाउंड काढले आणि चॅम्पियनची रिंग घेऊन घरी गेला. पगार तोच, पण पैसे वसूल झाले ते ज्यांनी कॉन्ट्रॅक्ट दिलाच नव्हता त्यांचे.

आणि एम्बीड त्या कॉन्ट्रॅक्टच्या पाच वर्षांत ३०० मॅच खेळला. टीमच्या मॅच झाल्या होत्या ३९१, कोविडमुळे दोन सीझन आखूड झाले म्हणून. म्हणजे जवळपास चारातली एक मॅच तो बाहेरच होता, पाय-पाठ-गुडघा काहीतरी चालूच. तरी शेवटच्या दोन वर्षांत तो लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा होता, २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम प्लेयर, होता, आणि त्या वर्षी त्याचा पगार होता ३३.६ मिलियन. तेवढ्या पैशात एमव्हीपी कोणत्याही टीमला चालला असता.

माझी खरी तक्रार नंतरच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाने त्याला अजून तीन वर्षं वाढवून दिली, १९३ मिलियन, सुरुवात २०२६-२७ पासून, आणि शेवटच्या वर्षी तो ३५ चा होईल. आता वयाचा आलेख उतरणीचा, गुडघ्यावर त्याच वर्षी ऑपरेशन झालेलं, आणि वरचं टोक तर आधीच बघून झालेलं, त्याच्या वर आता काय जाणार. सही झाल्यानंतरच्या सीझनला तो १९ मॅच खेळला.