डॉक्टर-नर्सचं असमान वाटप (भारत)

देशात डॉक्टर आणि नर्स एकूण किती आहेत यापेक्षा ते बसलेत कुठे, हा या नोंदीचा विषय. सरकारी कागदात याला आरोग्य मनुष्यबळाचं असमान वितरण म्हणतात, गावात सरळ म्हणतात "आमच्याकडं डॉक्टर टिकत नाही". दर हजार माणसांमागे एक डॉक्टर हे प्रमाण आपण गाठलं असं अधूनमधून जाहीर होतं, त्यात आयुषवालेही (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेचे डॉक्टर) मोजलेले असतात ते सोडा, पण सरासरीचा नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या धडगावच्या पेशंटला उपयोग काय, त्याच्या वाट्याचा डॉक्टर पुण्यात क्लिनिक टाकून बसलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये एक अहवाल काढला होता, तो २००१ च्या जनगणनेवरचा, म्हणजे आकडे जुने आहेत, पण चित्र कळायला पुरेसे. तेव्हा शहरात लोकसंख्या २७.८ टक्के आणि आरोग्य कर्मचारी ५९.२ टक्के. रीतसर शिकलेल्या नर्सपैकी ३८.४ टक्के एकट्या केरळात, जिथे देशाची ३ टक्क्यांच्या आसपास माणसं राहतात. आणि खेड्यात स्वतःला अ‍ॅलोपॅथी डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी वैद्यकीय शिक्षण झालेले फक्त १८.८ टक्के! म्हणजे जागा रिकामी राहत नाही, ती कोणीतरी भरतंच, सुई टोचणारा बोगस डॉक्टर का होईना.

याची मुळं जुनी आहेत. इंग्रजांच्या काळात एमबीबीएसच्या खालचा, कमी वर्षांचा लायसेन्शिएट कोर्स होता. १९४६ च्या भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर हवा म्हणून तो बंद करायला सांगितलं, काही सदस्यांचा विरोध होता तरीही. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही याच समितीने पुढे आणली, म्हणजे गावात दवाखाना काढा म्हणणारे आणि गावात राहू शकला असता तो डॉक्टर बंद करा म्हणणारे एकच (हे माझं मत, उलट बाजूने बोलणारेही भरपूर आहेत). छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा कोर्स परत काढून बघितला, डॉक्टर मंडळींचा विरोध आणि कोर्टकज्जे यात तो काही बॅचनंतर थांबला, पण त्यातून निघालेली मुलं दुर्गम केंद्रांवर लागली.

आता नियम असा की सपाट भागात ३० हजार लोकांना एक पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना. त्याच्या वर तालुक्याकडचं ग्रामीण रुग्णालय, तिथे सर्जन, फिजिशियन, गायनॅक (स्त्रीरोगतज्ज्ञ) आणि बालरोगतज्ज्ञ असे चार तरी हवेत. २०२१-२२ च्या केंद्राच्या आकडेवारीत देशभर ग्रामीण भागात या चौघांची तूट ८० टक्क्यांच्या आसपास होती. आणि यातली मेख अशी की हे लोक सुटे कामाचे नाहीत. गायनॅक आली पण भूल देणारा नाही तर सिझर होत नाही, मग ती बाई रेफर, १०८ बोलवा, जिल्ह्याला न्या. कागदावर पद भरलेलं, काम मात्र शून्य.

डॉक्टर का जात नाही याला लोक पटकन पैशाचा लोभ म्हणतात, ते अर्धंच खरं. क्वार्टर गळतं, मुलांना शाळा नाही, एकट्याने चोवीस तास ड्युटी, काही झालं तर नातेवाईक अंगावर येतात, ‘नीट पीजी’चा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, अभ्यास राहतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नवरा किंवा बायको तिथे काय करणार. आपण कौतुकाने नावं घेतो ती बघा: हेमलकशाचे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीत अभय आणि राणी बंग, मेळघाटात बैरागडचे रवींद्र आणि स्मिता कोल्हे. तिन्ही ठिकाणी दोघंही डॉक्टर, दोघांनाही तिथेच काम! हा योगायोग नसावा. पण अशा जोडप्यांच्या भरवशावर जिल्हे चालवता येत नाहीत.

सरकारचा आवडता उपाय म्हणजे बॉन्ड, शिकल्यावर सरकारी सेवा करायची हमी. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा, ती टाळायची तर १० लाख भरा, पीजीला ५० लाख, असा हिशोब बरीच वर्षं होता. वर्ष संपलं की पोरगं गेलं, गाव पुन्हा नव्या पोराची वाट बघतं. आदिवासी भागात भरारी पथकाचा (गावोगाव फिरणाऱ्या सरकारी पथकाचा) बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टर मात्र कमी मानधनावर वर्षानुवर्षं फिरतो. तामिळनाडूने वेगळी चाल खेळली, सरकारी नोकरीत काम केलेल्यांना पीजीच्या निम्म्या जागा, म्हणजे खेड्यातली वर्षं वाया जात नाहीत, उलट सीट मिळवून देतात. त्यावर वाद झाला, शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना असा कोटा ठेवायची मुभा दिली.

राज्याराज्यांत कॉलेजंही सारखी नाहीत. २०२३ च्या सुमारास तामिळनाडूत एमबीबीएसच्या ११ हजारांवर जागा आणि लोकसंख्येने कितीतरी मोठ्या बिहारात ३ हजारांच्या आत. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दर १० लाख लोकसंख्येला एमबीबीएसच्या १०० जागांची मर्यादा आणली, दक्षिणेकडून ओरड झाली आणि ती पुढे ढकलली गेली. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, त्याने डॉक्टर वाढले पण भरमसाट फी भरून शिकलेला पोरगा धडगावजवळच्या अक्कलकुव्याला कशाला जाईल.

नर्सचं गणित थोडं निराळं. पीएचसीच्या खालच्या उपकेंद्रावर एएनएम असते, गावची नर्सबाई, सपाटीवर ५ हजार आणि आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक, आणि डॉक्टरपेक्षा तीच जास्त टिकते. बंग यांच्या टीमने १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की गावातल्याच बायकांना शिकवलं तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात, आणि पुढे आशांच्या (गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या बायकांच्या) कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं ते त्यातूनच. हॉस्पिटलात लागणारी नर्स मात्र दक्षिणेत शिकते आणि आखाताकडे, इंग्लंडकडे जाते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मेडिकल कॉलेजांच्या जोडीने १५७ सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली.